वाचून दाखव

फेब्रुवारी संपत आला की आमच्या इंदापूरच्या शाळेत बाकांवर बैठक क्रमांक चिकटवायचं काम निघतं. खळीचा डबा, कागदाच्या पट्ट्या आणि कंटाळलेले शिपाई. मैदानातल्या कडुलिंबाची पानं गळत असतात, झाडून झाडून मावशी वैतागतात, आणि दुपारी बाराच्या पुढं पत्र्याच्या वर्गात बसवत नाही. दहावीची पोरं एकाएकी वाकून नमस्कार करायला लागतात. वर्षभर मला भलत्याच टोपणनावानं ओळखणारी हीच पोरं आहेत हे मला ठाऊक असतं, पण मार्चपुरतं मीही ते विसरते.

यंदा माझ्याकडं ओंकारचं काम आहे. ओंकारचे हात जन्मापासून थरथरतात, बोलणं जड आहे, डोकं मात्र माझ्याहून तल्लख. त्याच्यासाठी शाळेनं पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला, त्याला लोखंडी कठडा लावला, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या दोन मास्तरांनी त्या उतारावर मोटरसायकली लावल्या. त्या मी रोज हलवायला लावते. शाळेत माझं नाव भांडखोर बाई असं पडलंय ते त्यामुळंच.

तर ओंकारला परीक्षेत लेखनिक मिळतो. त्यानं तोंडानं सांगायचं आणि लेखनिकानं कागदावर उतरवायचं. हा लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. त्याला जास्त काही येत नसेल, म्हणजे तो पदरचं लिहिणार नाही, असा बोर्डाचा समज. नववीतली ईश्वरी तयार झाली. अक्षर सुरेख, पोरगी हुशार. तिला समोर बसवून मी नियम सांगत होते, तर तिनं मध्येच विचारलं, "बाई, पण तो चुकीचं सांगायला लागला आणि मला बरोबर माहीत असलं तर?"

"तो सांगेल ते लिहायचं."

"चुकीचं असलं तरी?"

"तरी. आणि लिहून झालं की त्याला वाचून दाखवायचं. त्यानं मागितलं नाही तरी."

माझा आवाज चढला असावा, कारण पोरगी दचकली. मी बाहेर येऊन माठातलं पाणी प्यायले. बरोबर माहीत असणाऱ्या नववीतल्या पोरी मला सोसत नाहीत. मी तशीच एक होते.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, पणदऱ्याची. माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरातली सगळ्यात उंच फळी पुस्तकांची होती, आणि सगळ्यात कडक नियम बोलण्याचा होता. घरात कुणी 'हाय', 'न्हाय' म्हटलं की वडील जेवता जेवता थांबायचे. घास हातातच राहायचा. आपण चुकीचा शब्द दुरुस्त करून पुन्हा म्हटला की मगच तो तोंडात जायचा. त्यांचंही बरोबर होतं. ज्यांच्या बोलण्याला पिढ्यान्‌पिढ्या लोक हसले, त्यांना पोरीच्या तोंडी पुस्तकातली भाषा हवी होती. मी ती इतकी चांगली उचलली की सातवीतच तालुक्याच्या निबंध स्पर्धेत पहिली आले. 'उषेचे आगमन', 'सुवर्णकिरणांची पखरण', 'पाखरांचा मंजुळ किलबिलाट' हे सगळं मला तोंडपाठ होतं. आमच्या घरामागं रोज पहाट व्हायची, पण तिच्याकडं मी कधी वळून बघितल्याचं आठवत नाही.

कौसल्या मला एका इयत्तेनं पुढं, वयानं तीन वर्षांनी मोठी. म्हणून मी तिला कौसाताई म्हणायची. ती मळ्यात राहणाऱ्या धनगराच्या घरातली. तिच्या आज्याच्या काळी शेदोनशे मेंढरं होती, वडिलांच्या काळी ऊस आला, आणि मेंढरं उरली ती चुलत्याकडची वीस-पंचवीस. ती जन्मापासून आंधळी. लहानपणी पुण्याच्या अंधशाळेत राहून ब्रेल शिकून आली होती, आणि आठवीला आमच्या साध्या शाळेत घातली. घातली म्हणजे तिनंच हट्ट धरला होता. घरचं जेवण, घरची माणसं आणि शाळा, तिन्ही एका ठिकाणी पाहिजे म्हणाली.

आमच्या शाळेनं तिला सांभाळलं हे खरं आहे, ते आधी सांगते. शिपाई मामांनी वर्गापासून मुलींच्या मुतारीपर्यंत कमरेइतकी सुंभाची दोरी बांधली होती. ती झिजली की न सांगता नवी बांधायचे. फळ्यावर काही लिहिलं की ते मोठ्यानं बोलत लिहायचं, अशी सवय सगळ्या मास्तरांना मुख्याध्यापकांनी लावली. बीजगणिताचे सर तर एवढे सवयीचे झाले की ते घरी भाजीची यादीसुद्धा बोलत लिहितात, असं त्यांच्या बायकोनं हळदीकुंकवात सांगितलं होतं. खो-खोच्या डावात कौसाताई खांबापाशी बसून वेळ मोजायची. तिच्या आकड्यावर कुणी वाद घालायचं नाही. मधल्या सुट्टीत ती ब्रेलच्या पाटीवर टोचणीनं टकटक करत बसायची आणि आम्ही पोरी भोवती बसून कैऱ्या खायचो. तिला कैरीची फोड दिली की खायच्या आधी ती वास घेऊन झाड ओळखायची. कुणाच्या बांधावरून चोरली हे तिच्यापासून लपायचं नाही.

मला आज वाटतं, त्या शाळेनं तिच्यासाठी सगळं केलं. शेवटची हातभर जागा राहिली होती, ती माझ्याकडं होती.

लेखनिक तिनं स्वतः निवडला. मुख्याध्यापकांनी आम्हा तीन मुलींना तिच्यासमोर बसवून भूगोलाचा एकेक उतारा वाचायला लावला होता. ती मान खाली घालून ऐकत होती. तिन्ही उतारे संपल्यावर म्हणाली, "ही सुजी चालंल. स्वल्पविराम आला की थांबती."

मी सुजाता. त्या दिवशी मी घरी जाताना जमिनीवरून चालत नव्हते.

जानेवारीच्या शेवटी पूर्वपरीक्षा आली. ही शाळेचीच परीक्षा, बोर्डाच्या आधीची तालीम. तिला आणि मला मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी नकाशांच्या खोलीत बसवलं. कारखान्याचा हंगाम जोरात होता. खिडकीतून मळीचा आंबूस वास येत होता आणि रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. मराठीचा पेपर. निबंधाला तीन विषय होते, त्यातला एक 'रम्य पहाट'. तिनं तोच घेतला, आणि मी मनात म्हटलं, अरेरे.

मला तिची कीव आली. ती कीव होती, प्रेम नव्हतं, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. मला वाटलं, हिनं पहाट बघितलेली नाही, ही काय सांगणार आणि हिला काय मार्क पडणार. ती सांगायला लागली. पायाला लागणारी माती, दुधाच्या किटल्या, मेंढरांचे श्वास असं काहीतरी ती बोलत होती. मला ते ऐकून कसंतरी झालं. निबंधात मेंढरं? मळीचा वास? रम्य पहाटेत? पहिली दोन वाक्यं मी तिची लिहिली. तिसऱ्याला माझा हात आपोआप वळला. 'पूर्व दिशेने गुलालाची उधळण केली होती.' मग मी थांबलेच नाही. ती एका बाजूनं बोलत होती आणि मी दुसऱ्या बाजूनं लिहीत होते. पेनचा आवाज तिला येत होता, त्यामुळं ती समाधानानं पुढचं सांगत होती. मधेच म्हणाली, "लई जोरात सांगतीय का गं? हात दुखत आसंल तुजा."

"नाही ताई, तुम्ही सांगा," मी म्हटलं, आणि सूर्यनारायणाचा सुवर्णरथ लिहिला.

मला त्या वेळी लाज वाटली नाही. उलट मी तिच्यावर उपकार करते आहे असं वाटत होतं, आणि ते उपकार कुणाला सांगता येणार नाहीत याचं थोडं वाईट वाटत होतं.

आठवड्याभरानं मला दहावीच्या वर्गात बोलावणं आलं. मराठीचे जगताप सर हातात पेपर घेऊन उभे होते. त्यांनी मला दाराशी उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, "हिचं अक्षर बघून शिका. आणि कौसल्याचा निबंध ऐकून शिका." मग त्यांनी सगळा निबंध खड्या आवाजात वाचला. गुलालाची उधळण, सुवर्णरथ, दवबिंदूंचे मोती. वाचून झाल्यावर पेपर मिटला आणि "हिला दिसत नाही, पण हिनं आपल्याला पहाट दाखवली. डोळे असून आंधळ्यांनो, लाजा वाटू द्या," म्हणाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी कुणी साहेब शाळा तपासायला आले होते, त्यांनाही तो पेपर दाखवला. साहेबांनी कौसाताईच्या डोक्यावर हात ठेवला.

मी तिच्याकडं बघत होते. ती पहिल्या बाकावर होती. ऐकताना तिची बोटं नेहमी बाकाच्या कडेवर फिरत असायची. पहिल्या दोन वाक्यांना ती फिरत होती. गुलाल आला आणि ती थांबली. पुढं सगळा निबंध संपेपर्यंत तिचे दोन्ही हात बाकावर तसेच पडून होते. टाळ्या वाजल्यावर ती उठून उभी राहिली, कारण टाळ्या वाजल्या की उठायचं असतं.

शाळा सुटल्यावर ती नळापाशी माझी वाट बघत होती.

"सुजे, गुलाल कसा आसतो गं?"

"लाल... म्हणजे गुलाबी."

"मी गुलाल म्हनले व्हते?"

नळातून पाणी ठिबकत होतं.

"मी मेंढरं म्हनले व्हते," ती म्हणाली.

"ताई, पण मार्क किती छान पडले ना? वर्गात सगळ्यात जास्त."

"त्ये तुला पडले," ती म्हणाली. तिनं चिडून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मार्क कुणाला पडले ते ती मला नुसतं समजावून सांगत होती. मग दोरीला हात लावून ती वर्गाकडं दप्तर आणायला गेली.

मी सरांना जाऊन सांगायला हवं होतं. अजून महिना होता. पण मला वाटलं, सांगितलं तर माझं नाव जाईल, वडिलांच्या कानावर जाईल, आणि बोर्डाकडं माझ्या फोटोचा अर्ज गेलेला आहे तो परत कसा आणायचा. कारणं सुचायला मी हुशारच होते. तिनंही कुणाला सांगितलं नाही. सर पुढं महिनाभर तिला 'आमची पहाट' म्हणून हाक मारत होते, आणि ती ओ देत होती.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा बारामतीला. सकाळच्या एस.टी.नं आम्ही दोघी आणि तिचे वडील, आबा, जायचो. आबा धोतराच्या सोग्यात चुरमुरे आणि दोन केळी बांधून आणायचे, एक तिला आणि एक मला. केंद्रावर आमची सोय प्रयोगशाळेत केली होती. बरण्यांत बेडूक ठेवले होते आणि खोलीला औषधाचा उग्र दर्प होता. समोर एक पर्यवेक्षक बाई. इतरांना तीन तास, आम्हाला अर्धा तास वरचा.

त्या परीक्षेवर तिचं पुढचं सगळं होतं, हे मला माहीत होतं. पुण्यात एका वसतिगृहात अंध मुलींना अकरावीसाठी जागा मिळायची, ती मार्कांच्या यादीवर. आबा म्हणाले होते, यादीत नाव लागलं तर पाठवीन, नाहीतर परक्या गावात आंधळी पोर कुणाच्या जिवावर सोडू? तिला मास्तरीण व्हायचं होतं.

मराठीचाच पेपर पहिला. पहिलं उत्तर तिनं सांगितलं, मी लिहिलं. पुढच्या उत्तराचा प्रश्न वाचायला लागले तर ती म्हणाली, "आधी ह्ये वाचून दाखव."

मी वाचलं. तिनं मान हलवली. दुसरं उत्तर. "वाच." मग उत्तर उत्तर राहिलं नाही, वाक्यावर आली. एक वाक्य सांगायचं, मी लिहायचं, मग तिनं म्हणायचं, "वाच." मी वाचायचं, मग पुढचं वाक्य. तिच्या आवाजात राग नव्हता. दुधात पाणी आहे का ते बोट बुडवून बघावं, तेवढंच ते होतं.

एका ठिकाणी ती म्हणाली, "आमच्या गावात दवाखाना हाय." मी विचारलं, "ताई, 'हाय' लिहू की 'आहे'?"

"आहे लिही. लिवायची भाषा येती मला, सुजे. पुण्यात सात वर्सं शिकलीय. तुला वाटलं, मला येत न्हाय."

पर्यवेक्षक बाई घड्याळाकडं बघत होत्या. निबंधाला आलो तेव्हा वर्गांतली बाकीची मुलं पेपर देऊन बाहेर पडायला लागली होती. त्यांचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, "ताई, आता नको ना वाचायला. मी शब्दन्‌शब्द लिहिते. शपथ. येळ चाललाय." येळ म्हणाले मी. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचा घास मला आठवला नाही.

"जाऊ दे येळ," ती म्हणाली. "पर वाच."

घंटा झाली तेव्हा निबंध अर्धा झाला होता आणि पत्रलेखनाचा प्रश्न कोराच होता. बाईंनी पेपर ओढून घेतला. कौसाताईनं ओढणीनं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "केळं खाल्लंस का तू?" बाहेर आबा पिंपळाच्या सावलीत उभे होते. "कसा गेला पेपर, पोरींनू?" त्यांनी विचारलं. "चांगला गेला, आबा," ती म्हणाली. त्यानंतरचे सगळे पेपर तसेच गेले. इतिहासाचा शेवट लिहायचा सुटला, भूगोलाचाही सुटला. प्रत्येक पेपरला आबांनी आणलेलं एक केळं मी खाल्लं. तो घास गिळताना काय व्हायचं ते मला अजून सांगता येत नाही.

निकाल जूनमध्ये लागला. ती पास झाली. गावात पेढे वाटले, शाळेनं फेटा बांधला. वसतिगृहाच्या यादीत मात्र तिचं नाव नव्हतं, थोड्या मार्कांनी राहिलं. जगताप सरांना मराठीचे मार्क बघून धक्का बसला. "एवढी सुंदर लिहिणारी पोरगी! बोर्डाचीच काहीतरी चूक आहे, आपण फेरतपासणीला टाकू," असं म्हणून त्यांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. मी तिच्या शेजारी उभी होते. सांगायची ती शेवटची संधी होती.

"नको, सर. पेपर अर्धा सुटला व्हता," ती म्हणाली.

"का सुटला?"

"माझाच येळ गेला."

मी माझ्या चपलांकडं बघत राहिले. एक अंगठा तुटलेला होता, त्याला पिन लावली होती. तेवढं मला स्पष्ट आठवतं.

एक वर्ष ती घरी राहिली. माझी दहावी चालू होती. शाळेत जाताना त्यांचा मळा लागायचा. ती ओट्यावर बसून शेंगा फोडत असायची. माझ्या पावलांवरून ओळखून हाक मारायची, "सुजे, अभ्यास झाला का?" मी "हो ताई" म्हणून पुढं पळायची. शाळेतली सुंभाची दोरी त्या वर्षी झिजून तुटली. मामांनी ती पुन्हा बांधली नाही, कारण आता कुणासाठी बांधायची. पुढच्या वर्षी दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं आणि ती पुण्याला गेली. वर्ष कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मी मोजलं.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं. पण डीएड होऊन मला नोकरी लागली त्या वर्षी मी एका दिवाळी अंकाला ललित लेख पाठवला. पहाटेवर. आता मला गुलालाची आणि सुवर्णरथाची लाज वाटायला लागली होती, चांगलं लिहिणं म्हणजे काय ते थोडंफार कळायला लागलं होतं. लिहायला बसले तर हाताखाली आपोआप काय आलं? मेंढरांचे श्वास. पायाला कळणारी गार माती. मळीचा वास. लेख छापून आला. वाचकांची पत्रं आली. 'तुमची निरीक्षणशक्ती विलक्षण आहे,' असं एका निवृत्त शिक्षकांनी पोस्टकार्डावर लिहिलं, आणि ते कार्ड मी जपून ठेवलं. आधी तिचं फेकून माझं तिच्या नावावर घातलं, मग तिचं माझ्या नावावर घातलं. दुसऱ्या वेळी मी अजाण नव्हते. मला पगार मिळत होता.

ते दशक संपता संपता बारामतीला एका लग्नात ती भेटली. पुण्यात अंध मुलींच्या शाळेत शिकवत होती. मास्तरीण झालीच. जेवणाच्या पंगतीआधी गर्दीत माझा आवाज ऐकून तिनंच हाक मारली. माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली. "पेनाचा घट्टा तसाच हाय," म्हणाली. मग इकडचं तिकडचं झालं. आबा थकले, चुलत्यानं मेंढरं विकली, पणदऱ्याच्या शाळेला दुसरा मजला झाला.

"तुजा लेख आमच्या शाळंत वाचाया येनाऱ्या एका डोळस पोरीनं वाचून दाखवला मला," ती सहज म्हणाली. "पहाटंचा."

सनईवाल्यांनी तेवढ्यात जोर धरला. मला वाटलं, आता काही ऐकू येणार नाही, सुटले.

"चांगला उतरवलाईस," ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली. "फकस्त ह्या टायमाला वाचून न्हाय दाखवलास."

मी रडले. भरल्या मांडवात, जरीच्या साडीत, सगळ्या पाहुण्यांसमोर. ती माझा हात धरून बसून राहिली. तिनं मला माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही. माफी मागणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घेणं झालं असतं. पण एक गोष्ट मागितलीच. नकाशांच्या खोलीत शेवटी शेवटी मी माझ्या सुवर्णरथात इतकी रमले होते की तिच्या निबंधाच्या शेवटच्या चार-पाच ओळी मी ऐकल्याच नव्हत्या. माझ्या लेखात म्हणूनच शेवट जमला नव्हता. मी विचारलं, "ताई, शेवटी काय सांगितलं होतंत?"

ती आठवायला लागली. खरंच आठवत होती, कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मग हसली.

"न्हाय गं ध्यानात. मी कशाला ध्यानात ठिवीन? तू लिवून घेतीस म्हनून सांगून मोकळी झाले व्हते."

पंगतीला बोलावणं आलं, आम्ही उठलो.

ईश्वरी काल पुन्हा आली होती. ओंकारबरोबर तिनं एक जुना पेपर सोडवून बघितला. "बाई, वाचून दाखवायचं म्हटलं की फार वेळ जातो," म्हणाली. मी तिला सांगितलं, परीक्षेत वेळ जाऊ नये म्हणून आत्ताच रोज वाचून दाखव. पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत दाखव. एकदा का त्याला तुझा भरवसा आला की परीक्षेत तो मागणार नाही. ती मान हलवून गेली. जाताना उतारावरची मोटरसायकल तिनं स्वतःच बाजूला ढकलली.

माझं एक काम पुरं करायचं राहिलं आहे. नकाशांच्या खोलीत जे सांगितलं गेलं ते, जेवढं माझ्या कानावर पडलं होतं तेवढं, लिहून देते. यातला शब्द माझा नाही. सांगणार कौसल्या, इयत्ता दहावी. लेखनिक सुजाता, इयत्ता नववी.

'पहाट झाली हे माझ्या पायांना आधी कळते. रात्री अंगणातली माती कोमट असते, पहाटे ती गार होते आणि घट्ट होते. वारा फिरतो आणि कारखान्याच्या मळीचा वास येतो. सूर्य वर आला की तो वास जातो, म्हणून तो पहाटेचाच वास आहे. रस्त्याने दुधाच्या किटल्या जातात. भरलेल्या किटलीचे झाकण वाजत नाही, रिकामीचे वाजते, त्यावरून कोण जाते आहे आणि कोण परत येते आहे ते समजते. चुलत्यांची मेंढरे रात्री एकमेकांना चिकटून झोपतात तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच श्वास ऐकू येतो. पहाट झाली की ते श्वास सुटे होतात आणि मला प्रत्येक मेंढरू वेगळे ओळखता येते. लाईट येते, विहिरीवरच्या मोटारी सुरू होतात. आईच्या बांगड्या वाजतात. मी दाराशी बसते. ऊन आधी माझ्या उजव्या गालाला लागते, आणि मग'

याच्या पुढं तिनं चार-पाच ओळी सांगितल्या होत्या. त्या मी लिहिल्या नाहीत.